हुकुमाचा कागद आणि घरातला पैसा

माझ्या टेबलावर कायम दोन गठ्ठे असतात. एकात खावटी, फारकत, मुलांचा ताबा, घरगुती हिंसाचार. दुसऱ्यात मोटार अपघाताचे क्लेम. जळगाव आणि धुळ्याच्या कोर्टांत इतकी वर्षं वकिली केल्यावर या दोन गठ्ठ्यांतलं अंतर माझ्यापुरतं मिटलं आहे. पहिल्यात कमावता माणूस घर टाकून गेलेला असतो, दुसऱ्यात तो महामार्गावर गेलेला असतो. मागे राहिलेली बाई दोन्हीकडे एकच प्रश्न घेऊन येते: आता घर कशावर चालवायचं? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं, ते इथे मांडते. नव्या वकिलांना उपयोग होईल, पण त्याहून जास्त ज्यांच्या घरात अशी वेळ आली आहे त्यांना व्हावा.

१. आधी तिच्याशी एकटीशी बोला

बाई ऑफिसात येते तेव्हा बरोबर भाऊ, मामा, काका, कधी गावचे सरपंचही असतात. बोलतात ते. "ताई, त्याला असा धडा शिकवा की जन्मभर आठवण राहिली पाहिजे." ती पदर चाळवत बसलेली असते. मी बाकीच्यांना चहाला पाठवते आणि तिला विचारते, तुझं काय म्हणणं आहे? किती तरी वेळा उत्तर येतं, "ताई, माले नांदनं शे."

एवढ्या एका वाक्यावर पुढची सगळी दिशा ठरते. जिला नांदायचं आहे तिच्यासाठी छळाची फिर्याद हे पहिलं पाऊल ठेवलं, तर नवरा अटकेत जाऊन आल्यावर त्या घराचं दार तिच्यासाठी बहुधा बंद होतं. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा जास्त कामाचा. त्यात राहत्या घराचा हक्क मिळतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्चासाठी रक्कमही मिळते. मात्र जिवाला धोका दिसला, अंगावर मार दिसला, तर फिर्याद आणि दवाखान्याचा दाखला आधी. मग मामा काय म्हणतात आणि समाजातली मंडळी काय म्हणतात, हे मी ऐकत नाही.

२. लग्न झालं होतं, हेही सिद्ध करावं लागतं

खान्देशात लग्न धुमधडाक्यात होतं, पण नोंदणी राहून जाते. पुढे वाद पेटला की नवरा कैफियतीत सरळ लिहितो, ही माझी बायकोच नाही. पहिलं लग्न असेल तर पत्रिका, फोटो, भटजी, साक्षीदार गोळा करून काम भागतं. खरी अडचण पाट लावलेल्या बाईची. चार माणसांत हळद-कुंकू लावलं, नारळ दिला, झालं. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाऊराव लोखंडे खटल्यात असाच एक गंधर्व विवाह तपासला आणि आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध होत नाही म्हणून दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यातून नवऱ्याला सोडलं. महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं ते. खावटीच्या बाबतीत न्यायालयांनी पुढे नजर मऊ केली. पहिलं लग्न लपवून दुसरीला फसवणाऱ्याला स्वतःच्या फसवणुकीचा फायदा मिळणार नाही, असं २०१३ मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. दुसरेपणाची म्हणून दारातून परत पाठवल्या जाणाऱ्या कितीतरी बायकांना या निकालाने हात दिला आहे.

दुसरी अडचण बाँडवरच्या फारकतीची. नोटरीसमोर दोघांनी सह्या केल्या, पंच बसले, दागिने परत झाले, आणि दोघंही मोकळे झालो असं समजून पुढे गेले. हिंदू विवाह कायद्याने रूढीची फारकत मान्य केली आहे, हे खरं. पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे पुराव्याने दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही तर बाँड म्हणजे नुसता कागद, आणि त्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न कच्चं. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री भागातल्या आदिवासी पक्षकारांना तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा मुळात लागूच होत नाही, त्यांच्या रूढीच बघाव्या लागतात. तिथे अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा, हे ठरवण्याआधी पाड्यावरच्या जुन्या माणसांशी बोलावं लागतं. नव्या वकिलांनी हा टप्पा गाळू नये.

लग्नाची नोंदणी करून घ्या. हे मी प्रत्येक लग्नात सांगते, जेवणाच्या पंगतीतसुद्धा.

३. सात-बारा बोलतो

खावटीच्या अर्जात नवऱ्याचं उत्पन्न कधीच नसतं. गावात ट्रॅक्टर फिरवणारा माणूस कोर्टात शेतमजूर होतो. एका प्रकरणात रावेरकडच्या नवऱ्याने शपथेवर सांगितलं की जमीन कोरडवाहू आहे, पोटापुरती ज्वारी होते. त्याच जमिनीचा उतारा मी काढून आणला होता. पीकपाहणीच्या रकान्यात लागोपाठ केळी. उलटतपासणीत मी फक्त एवढं विचारलं, "केळीला पाणी लागतं की नाही?" तो म्हणाला, "लागतं." "मग विहिरीवर मोटार कोणाच्या नावावर आहे?" वीजबिल माझ्या हातात होतं. त्यानंतर त्याच्या वकिलांनी तडजोडीची भाषा सुरू केली.

इथल्या शेतीचा पैसा माग सोडत जातो. पीकपाहणी, हवामानावर आधारित फळपीक विमा, सोसायटीचं पीककर्ज, केळीच्या व्यापाऱ्याची किंवा कापूस घेणाऱ्या जिनिंगची पावती. नवऱ्याच्या तोंडचा आकडा घेऊन भांडत बसू नये, हे कागद मागवावेत. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने काम बरंच सोपं केलं आहे. नागपूरच्या एका कुटुंबातून निघालेलं हे प्रकरण. तेव्हापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्याआधी तारखा वाढवत राहण्यात नवऱ्याचा फायदा असायचा. आता वाढलेल्या प्रत्येक महिन्याची थकबाकी त्याच्याच डोक्यावर चढते.

सोन्याचंही तसंच. जळगावच्या सराफ बाजारातून खरेदी झाली की पावती माहेरच्या कपाटात ठेवा. स्त्रीधन परत मागताना कोर्टात वजन सांगावं लागतं, आणि ते पावतीवरच असतं.

४. हुकूम झाला म्हणजे पैसे आले, असं नाही

निकालाच्या दिवशी माहेरची मंडळी पेढे आणतात. मी ते घेते, पण वसुलीच्या अर्जाचा मसुदा त्याच आठवड्यात करून ठेवते. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. धर्म कोणताही असो, हा मार्ग खुला आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. "देईल आज ना उद्या" म्हणून दोन वर्षं वाट पाहणाऱ्या बाईचं एक वर्ष हातचं जातं.

"जेलात बसेन, पण दमडी देणार नाही," असं सांगणारे नवरे कोर्टाच्या आवारात रोज भेटतात. त्यांनाही आणि त्यांच्या बायकांनाही हे माहीत असावं: तुरुंगात बसल्याने थकबाकी फिटत नाही. कुलदीप कौर प्रकरणात १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून ठेवलं आहे. बाहेर आल्यावर पैसे तेवढेच उभे असतात.

५. अपघाताचे पहिले पंधरा दिवस

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. तिथून एक तुकडा पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून पुढे जातो, दुसरा शिरपूरवरून मध्य प्रदेशात चढतो. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्यांतली काही तर नुसती बसची वाट बघत उभी होती.

घरात मढं असताना कागदांचं बोलणं निष्ठुर वाटतं. तरी कोणीतरी एकाने, भाच्याने, शेजाऱ्याने, हे काम अंगावर घ्यावं. फिर्यादीत धडक देणाऱ्या गाडीचा क्रमांक आहे ना? घटनास्थळाचा पंचनामा कोणत्या बाजूने झाला? विम्याची पॉलिसी आणि चालकाचा परवाना पोलिसांनी मिळवला का? आता नियम असा आहे की तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिली खबर द्यायची आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. त्याची प्रत कुटुंबाने मागून घ्यावी. १ एप्रिल २०२२ पासून क्लेमसाठी सहा महिन्यांची मुदतही कायद्यात परत आली आहे. ही मुदत योग्य की अयोग्य हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण कुटुंबाने त्या भरवशावर वर्षश्राद्धापर्यंत थांबू नये. गाडी ठोकून पळून गेली असेल तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार मिळतात. तो अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे जातो आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. पाचोऱ्याजवळ २२ जानेवारी २०२५ ला पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना दुसऱ्या गाडीने उडवलं, तसा रेल्वेचा मामला असेल तर रस्ता वेगळा, रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात क्लेमचे एजंट फिरतात. शोकात बसलेल्या माणसाच्या कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात आणि भरपाईत टक्का ठरवतात. निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. जो वकील टक्केवारी सांगतो, त्याच्याकडून फाइल परत घ्या.

६. पपईच्या ट्रकवरची माणसं

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. धुळे जिल्ह्यातून माल भरून तो रावेरकडे चालला होता. वर रावेर तालुक्यातले मजूर बसले होते, बायका-मुलंही. १५ जण मालाखाली गेले. त्या घरांच्या फायली माझ्याकडे नव्हत्या, पण त्या दिवसापासून मालवाहू गाडीवर बसून जाणाऱ्या मजुरांचा विषय मी प्रत्येक व्यासपीठावर काढते.

कारण इथे कायदा गरिबाच्या विरोधात जाऊन बसला आहे. मालवाहू गाडीचा विमा फुकट बसलेल्या प्रवाशाला धरत नाही. २००२ च्या आशा राणी निकालापासून हे पक्कं आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला गेला. ट्रकमालकाने ठेवलेला हमालही काही प्रमाणात धरला जातो. पण माल व्यापाऱ्याचा, मजूरही व्यापाऱ्याचे, आणि ट्रक तिसऱ्याचा, अशी रचना असली की विमा कंपनी हात वर करते. २०१२ च्या संजीव कुमार सम्राट निकालाने तिला तसा आधारही दिला आहे. आपल्याकडे केळी, पपई, कापूस, ऊस, सगळीकडे हीच रचना असते. मग हुकूम होतो ट्रकमालकावर. त्याचा ट्रक कर्जावरचा आणि आता भंगार. वसूल काय करणार? काही वेळा न्यायालय कंपनीला आधी रक्कम द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं, पण त्यावर कुटुंबाला हक्क सांगता येत नाही.

म्हणून अशा प्रकरणात माझा पहिला प्रश्न असतो: मजुरी कोणाच्या हातून मिळत होती? मुकादमाची वही, फोनवरून आलेले पैसे, वजनकाट्याची चिठ्ठी. दोनशे रुपयांची एक चिठ्ठी लाखोंची दिशा बदलू शकते. आणि व्यापारी बांधवांना हात जोडून सांगणं आहे की मजुरांना मालावर बसवू नका, त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा.

७. तिच्या कामाची किंमत

अपघातात घरची बाई गेली की विमा कंपनीचं म्हणणं ठरलेलं: मयत काही कमवत नव्हती. खावटीच्या कोर्टात नवऱ्याचं म्हणणंही तेच: ती घरीच तर बसलेली असते. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, म्हैस काढणारी, भाकऱ्या बडवून निंदणीला जाणारी आणि रात्री सासऱ्याचे पाय चेपणारी बाई दोन्ही कागदांवर शून्य होते. याचा मला आजही संताप येतो.

न्यायालयं हळूहळू पुढे आली आहेत. २००१ च्या लता वाधवा निकालात गृहिणीच्या सेवेची किंमत महिना तीन हजार धरली होती. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स निकालात, गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरताना त्यावर भविष्यातली वाढही द्यावी, असं ठरलं. याचा अर्थ आकड्यांत बघू. वय ३४, मागे नवरा, दोन मुलं आणि सासू. महिना १२,००० धरले तर वर्षाचे १,४४,०००. त्यावर ४० टक्के वाढ धरून २,०१,६००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,५१,२००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले २४,१९,२००. महिन्याचा आकडा ६,००० धरला, तर हीच रक्कम १२,०९,६००. सुरुवातीच्या त्या सहा हजारांसाठी किती कष्ट घेतले, यावर बारा लाख ठरतात. म्हणून बचत गटाचं पासबुक, दूध डेअरीचा हिशेब, शिलाई मशीनची पावती, शेतावर सोबत काम केलेल्या बायकांचे जबाब, हे सगळं मी लावते. वकिलाने "मयत गृहिणी होती" एवढंच लिहून मोकळं होऊ नये.

८. कोर्ट आपल्या जवळचं

नवरा सुरतला उधन्याला कामाला, बायको धुळ्याला माहेरी. तिला वाटतं, खटला सुरतेत करावा लागेल. तसं नाही. ती राहते तिथे खावटी मागता येते, आणि हिंदू विवाह कायद्याखालचा तिचा अर्जही तिथेच चालतो. अपघातातही क्लेम स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येतो. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी मध्य प्रदेशात खलघाटला नर्मदेत कोसळली, किमान १२ जण गेले. अशा प्रसंगी इथल्या कुटुंबाला धारला खेटे घालायची गरज नसते.

९. मुलाला साक्षीदार करू नका

ताब्याच्या प्रकरणात पढवून आणलेलं मूल न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतं. त्याला वाक्यं पाठ करायला लावणाऱ्या आईलाही मी हेच सांगते, बापालाही. मुलाला शाळेत जाऊ द्या.

१०. पैसा कोणाच्या खात्यात गेला?

विधवेच्या नावाने भरपाई आली की घर बदलतं. दीर म्हणतो शेतात बोअर घेऊ, सासरा म्हणतो नणंदेचं लग्न उरकू. एकदा एका तरुण मुलीला तर सांगितलं गेलं होतं की तू दुसरं लग्न केलंस तर सगळे पैसे परत करावे लागतात. साफ खोटं आहे हे. पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्येही सांगितलं आहे. सासू-सासऱ्यांचा हिस्सा असतो आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. म्हातारपणी मुलगा गेल्याचं दुःख त्यांचंही आहे. पण तिचा हिस्सा तिच्या एकटीच्या खात्यात, मुलांचा मुदत ठेवीत, आणि पासबुक तिच्या हातात, असा आग्रह मी न्यायाधिकरणासमोर धरते. १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून ठेवीची ही पद्धत रुळली आहे. रक्कम जमा झाल्यावरही मी तिला एकदा बोलावून पासबुक बघते. त्यानंतरच फाइल बंद करते.

लोकअदालतीत तडजोड होते तेव्हाही हेच बघावं. महिनोन्‌महिने तारखा टाळून आज मिळणारी रक्कम कधी कधी खरोखर शहाणपणाची असते. पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी तिला आकडा समजला आहे का, आणि तो तिला पटला आहे का, हे तिच्याच तोंडून ऐका.

शेवटी एक विनंती. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या ओळखीत अशी बाई असेल आणि ती फीच्या धास्तीने घरी बसली असेल, तर तिला सांगा: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक १५१००. तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.